दारात सांगाडा, देव्हाऱ्यात लक्ष्मी

दर रविवारी रात्री, मुलं झोपली की, आठवड्यात मनाला भावलेलं एका वहीत उतरवून ठेवायची मला सवय आहे. बहुतेक आठवडे चार ओळींत आटपतात. जमलेली आमटी, लेकीनं शाळेच्या बसमध्ये ऐकून आणलेला एखादा पाणचट विनोद, वाचलेल्या पुस्तकातलं एखादं पान. २०२४ च्या ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा मात्र वहीत मावेना, म्हणून तो इथे सविस्तर.

मुळात तिथीनंच घोळ घातला होता. भारतातल्या कॅलेंडरांत नरकचतुर्दशी गुरुवारी, ३१ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन शुक्रवारी. पण तिकडे गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास लागणारी अमावस्या आमच्या न्यू जर्सीत गुरुवारी सकाळीच लागत होती आणि शुक्रवारी सकाळी नऊच्या आत संपतही होती. अमावस्येची संध्याकाळ आमच्या वाट्याला एकच, गुरुवारची. आणि ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ या देशात हॅलोवीनची. म्हणजे पहाटे अभ्यंगस्नान, तिन्हीसांजेला लक्ष्मीपूजन, आणि त्याच वेळी दारोदार चॉकलेटं मागत हिंडणारी भुतं. नदीपलीकडे न्यू यॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना यंदा पहिल्यांदाच दिवाळीची सुट्टी मिळाली, तीही शुक्रवारची. गुरुवारी हॅलोवीनला रात्री उशिरापर्यंत जागून शुक्रवारी लोळायला मिळालेल्या तिथल्या समस्त पोरांनी त्या दिवशी लक्ष्मीला मनापासून हात जोडले असणार.

सप्टेंबरपासून सासूबाई आमच्याकडे आहेत. त्या सावंतवाडीच्या. ऑक्टोबर लागला तशी आमच्या गल्लीत अंगणाअंगणातून थडगी उगवायला लागली, झुडपांवर कापसाची कोळिष्टकं चढली, आणि समोरच्या घरासमोर तो बारा फुटी सांगाडा उभा राहिला. होम डेपोनं हा प्रकार २०२० मध्ये पहिल्यांदा विकायला काढला, तीनशे डॉलरला एक. तेव्हापासून अमेरिकेच्या उपनगरांत त्याचं पीक आलंय. यंदा निवडणूक तोंडावर, त्यामुळे कित्येक अंगणांत एका बाजूला उमेदवाराची पाटी आणि दुसऱ्या बाजूला हाडांचा सापळा, असं दृश्य होतं. कोण कुणाचा प्रचार करतंय कळू नये असं.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी खिडकीतून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ‘‘ह्यो कसलो सांगाडो उभो करून ठेवल्यानी दारात?’’

मी समजावलं. एक सण असतो, मुलं भुताखेतांची सोंगं घेतात, घरं अशी भयंकर सजवतात, एका रात्रीपुरतं. मला वाटलं होतं, अमंगळ वगैरे ऐकायला मिळेल. त्यांच्या चेहऱ्यावर उलट ओळख पटल्याचा भाव आला. ‘‘म्हणजे नरकासुरच मगे! जाळतले कधी?’’

ज्यांनी गोव्यात किंवा सावंतवाडी-कुडाळकडे नरकचतुर्दशीची आदली रात्र काढली असेल त्यांना ही शंका किती रास्त आहे ते कळेल. तिथली तरुण पोरं आठवडाआठवडा खपून गवत, कागद नि बांबूचा अक्राळविक्राळ नरकासुर उभा करतात, मुखवटा रंगवतात, पोटात फटाके भरतात, रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळतात. मग घरी येऊन उटणं, अंघोळ, डाव्या पायाच्या अंगठ्यानं चिरडलेलं कारीट, आणि ताटात नाना तऱ्हेचे पोहे. जो राक्षस आठवडाभर हौसेनं घडवला त्याला सूर्य उगवायच्या आत राख करायची, ही त्यातली खरी मजा.

‘‘जाळत नाहीत, आई. गॅरेजमध्ये ठेवतात. पुढच्या वर्षी परत काढतात.’’

‘‘नरकासुर जपून ठेवतत?’’

माझ्या मुलानं दुसऱ्या दिवशी हा प्रश्न जसाच्या तसा समोरच्या काकांना इंग्रजीत विचारला. त्यांनी सांगाड्याच्या नडगीला हात लावून पाहिलं आणि म्हणाले, तीनशे डॉलर जाळायची माझी तयारी नाही, पण कल्पना मला आवडली. तशीही यंदा जाळपोळीची सोय नव्हती. ऑक्टोबरभर न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नाही, राज्यानं महिन्याच्या मध्यालाच दुष्काळाचा इशारा दिला होता, पाचोळा पापडासारखा कुरकुरत होता. आम्ही पायरीवरच्या पणत्यासुद्धा बॅटरीवरच्या लावल्या. सासूबाईंना त्या अजिबात आवडल्या नाहीत. मलाही नाही, पण पाचोळ्याचा ढीग पायरीपासून चार हातांवर होता.

कारीट इथे कुठून मिळणार? पटेलांच्या दुकानात कारली, तोंडली, परवर सगळं मिळतं, कारीट नाही. शेवटी ब्रसेल्स स्प्राउट वापरलं. आकारानं साधारण जमतं, हिरवं असतं, आणि कडू तर माझ्या मुलांच्या मते विषासारखं. पहाटे अंधारात बाथरूमच्या दारात एकेक स्प्राउट अंगठ्याखाली फुटलं. त्या भाजीवरचा सूड म्हणून दोघांनी असा काही जोर लावला की भिंतीवर शिंतोडे उडाले. या आठवड्यातलं हे माझं सगळ्यात लाडकं दृश्य.

आता संध्याकाळ. हॅलोवीनबद्दल माझं मत वर्षागणिक बदलत गेलंय. सुरुवातीला मला तो दुकानदारांचा सण वाटायचा, आणि आहेच तो तसा. पण इथे काही वर्षं राहिल्यावर लक्षात आलं की आमच्या दाराची बेल एरवी कुणी वाजवतच नाही. पार्सलवाला खोकं ठेवून, फोटो काढून जातो. मित्रमैत्रिणी यायच्या आधी मेसेज टाकतात, आल्यावर ‘बाहेर आहोत’ म्हणून पुन्हा मेसेज टाकतात. शेजाऱ्याच्या दारात सहज जाऊन उभं राहावं असा वर्षातला एकच दिवस आहे, आणि त्या दिवशी सगळ्यांनी भुतं होऊन यायचं असतं. लोकांना एकमेकांचं दार वाजवायला मुखवटा लागतो. यावर हसावं की नाही, मी अजून ठरवलेलं नाही.

आमची दिवाळी इथे दाराच्या आत होते. शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायचं, फराळ करायचा, चपलांच्या ढिगातून आपली जोडी शोधून घरी यायचं. बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतसुद्धा नाही. यंदा पहिल्यांदा आमची रांगोळी साऱ्या गल्लीनं पाहिली, कारण सारी गल्ली त्या पायरीवर येऊन उभी राहणारच होती. डायनासोर आला, दोन राजकन्या आल्या, एक चालतंबोलतं वॉशिंग मशीन आलं. प्रत्येकानं रांगोळीला वळसा घातला. डायनासोरच्या शेपटीनं एक कमळ पुसलं. ते सासूबाईंनी तिथल्या तिथे पुन्हा काढलं आणि मग दारातच खुर्ची टाकून बसल्या.

आत पाटावर लक्ष्मी, खातेवहीच्या जागी नवऱ्याचा लॅपटॉप, लाह्या-बत्तासे. आरती सुरू झाली की बेल. पुन्हा सुरू, पुन्हा बेल. नवरा वैतागायला लागला तेव्हा सासूबाई दारातूनच म्हणाल्या की लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दार उघडंच ठेवायचं असतं. झालं. दार सताड उघडं ठेवून आम्ही आरती पुरी केली, आणि टाळ्यांचा आवाज ऐकून पायरीवरचं वॉशिंग मशीनही टाळ्या वाजवायला लागलं. पारा ऐंशी फॅरनहाइटच्या आसपास होता, ऑक्टोबरअखेरीला इथे कधी नसतो इतका, त्यामुळे पोरं थंडीच्या जाकिटांत न झाकता सगळी सोंगं उघड्यावर मिरवत होती.

एक गोष्ट मात्र सासूबाईंना पटवता आली नाही. डबे भरून चकल्या केलेल्या, शंकरपाळे, चिवडा, आणि मी पोरांच्या पिशव्यांत टाकतेय दुकानातली कागदात गुंडाळलेली चॉकलेटं! ‘‘घरचा कित्याक नाय देवचा?’’ कारण घरचं, उघडं, कुणी खात नाही. अमेरिकन आईबाप त्या रात्री पिशवी जमिनीवर ओततात आणि सीलबंद नसलेलं सगळं फेकून देतात. अनोळखी माणूस खाऊत विष घालेल, सफरचंदात ब्लेड लपवेल, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची भीती. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९८५ साली या भीतीचा पाठपुरावा केला, जुन्या बातम्या एकेक करून तपासल्या, आणि अनोळखी माणसानं वाटलेल्या हॅलोवीनच्या खाऊनं मूल दगावल्याची एकही खरी घटना त्याला सापडली नाही. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एक मुलगा सायनाइड घातलेल्या खाऊनं खरोखर गेला होता. तो खाऊ त्याला त्याच्या बापानं दिला होता, विम्याच्या पैशांसाठी.

हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. बारा फुटी सांगाड्याला इथे कुणी भीत नाही. भीती आहे ती चकलीची.

मग आम्ही मधला मार्ग काढला. पोरांबरोबर फिरणारे आईबाप फुटपाथवर ताटकळत उभे असतात. त्यांच्यासाठी ड्राइव्हवेवर टेबल मांडलं, चकली-चिवड्याची ताटं ठेवली. मोठी माणसं मोठ्या माणसांच्या हातचं खातात, एवढा विश्वास अजून शिल्लक आहे. चिवड्यात दाणे-काजू आहेत ही पाटी मात्र मोठ्या अक्षरांत लावली. शिवाय पायरीवर एक निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवला होता. खाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलांसाठी या घरात खाऊ सोडून दुसरं काहीतरी आहे, अशी ती खूण. आमच्याकडे पेन्सिली आणि खोडरबरं होती. लेकीच्या वर्गातल्या एका मुलाला दाण्यांची अॅलर्जी आहे. तो आला, भोपळा बघितला आणि सरळ पेन्सिलींच्या वाडग्याकडे गेला. कुणाला काही विचारावं लागलं नाही, त्यालाही नाही, त्याच्या आईलाही नाही. टेबलावरच्या चकल्या साडेसातला संपल्या. एका बाईनं सासूबाईंना कृती विचारली आणि त्यांनी तिला भाजणी भाजण्यापासून सगळं मालवणीतून समजावून सांगितलं. बाई शेवटपर्यंत मान डोलवत होती.

सोंगांचं सांगायचं राहिलं. लेकीला चेटकीण व्हायचं होतं, पण टोकदार टोपी आणि झाडूवाली नाही. तिला हवी होती ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण. रत्नाकर मतकरींचं हे बालनाट्य माझ्या आधीच्या पिढीनं दिलीप प्रभावळकरांच्या चेटकिणीसकट पाहिलं, आणि २०१८ मध्ये ते पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा वैभव मांगलेंनी ती चेटकीण केली. लेकीनं त्याचे तुकडे फोनवर इतक्यांदा पाहिलेत की आता ती पोक काढूनच चालते. आजीचं जुनं लुगडं, पाठीला उशी, कागदाच्या लगद्याचं लांब नाक. सोंगात खरा जीव आला तो तिच्या स्वतःवर खूश असण्यानं. अमेरिकन चेटकिणी दुष्ट असतात, सुंदर असतात, हल्ली दुःखीही असतात. आपली चिंची मूर्ख आहे आणि तिला त्याचा पत्ताच नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला भीतीशी दोस्ती करून द्यायची तर अशीच चेटकीण हवी.

तेच निमित्त होऊन या आठवड्यात मी मतकरींच्या गूढकथा पुन्हा काढल्या. मुलांसाठी इतकी भाबडी चेटकीण लिहिणारा माणूस मोठ्यांसाठी काय लिहून गेलाय! २०२० मध्ये ते गेले, त्यानंतर मी ते पुस्तक उघडलं नव्हतं. त्यांच्या कथांत भूत हडळीच्या रूपात क्वचितच येतं. ते शेजारच्या ब्लॉकमधून येतं, एखाद्या लहान मुलाच्या तोंडून बोलतं. मुंबईच्या ज्या बंद दारांच्या इमारतींत मी लहानाची मोठी झाले, तिथली भीती त्यांनी ओळखली होती. रात्री वाचायला घेतलं आणि दोन कथांनंतर मुकाट्यानं दिवा चालू ठेवून झोपले.

दुसऱ्या उशाला नारायण धारप. सामानातून आणलेल्या, पानं पिवळी पडलेल्या ‘समर्थ’ कथा. धारपांचं मला काय आवडतं सांगू? त्यांचा निवेदक शहाणा असतो. हिशेबी, भुतांवर विश्वास नसलेला, आपल्या मामा-काकासारखा मध्यमवर्गीय. तो कुठल्यातरी गावी कुठल्यातरी वाड्यात किरकोळ कामासाठी जातो आणि पानामागून पान सगळं नेहमीसारखंच चाललेलं असतं. भीतीला घाई नसते. त्यांची ‘लुचाई’ तर स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली. कादंबरी घडते इथून काही तासांवरच्या मेन राज्यात, आणि माझ्या कॉलेजच्या दिवसांत मी ती मराठीतून, डोंबिवलीच्या लोकलमध्ये बसून वाचली होती. अमेरिकेतल्या भुताशी माझी पहिली ओळख मराठीतून झाली.

मुलाचं वाचन वेगळं. त्याला शाळेत वॉशिंग्टन आयर्व्हिंगची ‘द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो’ होती, १८२० ची. डोकं नसलेला घोडेस्वार, स्वातंत्र्ययुद्धात तोफगोळ्यानं डोकं उडालेला जर्मन शिपाई, रात्री आपलं डोकं शोधत घोडा फेकतो. आम्ही ती आळीपाळीनं मोठ्यानं वाचली. जुनी इंग्रजी, अर्ध्या-अर्ध्या पानाची वाक्यं, आणि अर्धी गोष्ट खाण्यापिण्याच्या वर्णनात खर्ची पडलेली. लेखकानं ती लिहिली इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला बहिणीच्या घरी राहून. घरापासून लांब बसलेल्या माणसाला पहिल्यांदा जेवण आठवतं, हे मी त्याला समजून घेऊ शकते. शेवट मात्र नामी. गावचा मास्तर गायब होतो, सकाळी सापडते त्याची टोपी आणि शेजारी फुटलेला भोपळा. भूत होतं, की मुलीवर डोळा असलेल्या गावगुंडानं भोपळा फेकून मारला? लेखक सांगत नाही. तो भोपळा कोरलेलाही नाही बरं का, नुसता भोपळा. डोळे-दात कोरलेलं पेटतं डोकं घोडेस्वाराच्या हातात नंतरच्या चित्रांनी आणि सिनेमांनी दिलं. चिरंजीवांनी बापाचं जाकीट डोक्याच्या वर बटणं लावून घातलं, काखेत प्लास्टिकचा भोपळा मारला आणि गुरुवारी घोडेस्वार होऊन फिरले. जाकिटाच्या फटीतून दिसत काही नव्हतं. बहिणीनं हात धरून फिरवलं.

शनिवारी ते गाव बघायला गेलो. हडसन ओलांडली की टॅरीटाउन, आणि त्याला लागून स्लीपी हॉलो. गावाचं नाव १९९६ पर्यंत नॉर्थ टॅरीटाउन होतं. त्याच वर्षी तिथला मोटारींचा मोठा कारखाना बंद पडला आणि गावकऱ्यांनी मतदान करून गोष्टीतलं नाव घेतलं. कारखाना गेला, भूत कामाला आलं. रस्त्यावरच्या पाट्यांवर घोडेस्वार, गाड्यांवर घोडेस्वार. जुनं डच चर्च, त्यामागची दफनभूमी, टेकडीवर आयर्व्हिंगची कबर.

सासूबाईंना दफनभूमीत न्यावं की नाही या विचारात मी होते, तर त्याच आमच्या पुढे. दोन नोव्हेंबर होता. कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. काही कबरींवर ताजी फुलं होती. सावंतवाडीला त्यांच्या शेजारी कॅथलिक कुटुंब होतं. दरवर्षी या दिवशी ती माणसं मेणबत्त्या आणि शेवंतीची फुलं घेऊन दफनभूमीत जायची आणि येताना यांच्या दारात थांबून चहा घ्यायची. दिवाळी आणि तो दिवस जवळजवळ यायचे तेव्हा चहाबरोबर फराळही. हे सगळं त्यांनी मुलांना एका अनोळखी डच माणसाच्या कबरीशेजारच्या बाकावर बसून सांगितलं. मला हे लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं.

घरी येऊन भोपळ्याचे घारगे केले. कोरून झालेल्या हॅलोवीनच्या भोपळ्याचे करू नका. तो नुसता पाणचट आणि तंतूमय, पिठात घातला की गोळा सैल होतो, तेलात फुगत नाही. इथल्या डब्यातला भोपळ्याचा गर उत्तम. तो बहुतेक वेगळ्याच, फिकट सालीच्या जातीचा असतो, आपल्या लाल भोपळ्याच्या अंगचा. तुपावर गर परतायचा, गूळ विरघळवायचा, वेलची, चिमूट मीठ, आणि मावेल तेवढीच कणीक, थोडी तांदळाची पिठी. पाण्याचा थेंब नाही. बिया मात्र कोरलेल्या भोपळ्याच्याच, तिखटमीठ लावून भाजलेल्या.

जमिनीवर चॉकलेटांचा बाजार अजून चालू आहे. एका पीनट बटरवाल्यामागे तीन आंबट गोळ्या असा भाव काल होता, आज चकली संपल्यावर शंकरपाळेही चलनात आलेत. बापाचा कर वेगळा. भाऊबीज आज सकाळी उरकली. ओवाळणी म्हणून भावानं बहिणीला डॉलरऐवजी त्याच्या वाट्याची सगळी कॅरॅमल दिली, कारण त्याला ती आवडत नाहीत. तिला हे माहीत आहे, तरी तिनं ती घेतली.

मुलांना आता आजीकडून खऱ्या भुतांच्या गोष्टी हव्यात. देवचार, गिऱ्हा, मुंजा, समंध ही नुसती नावं ऐकूनच घोडेस्वार फिका पडलाय. गावाच्या वेशीवर राखण करणारा, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेला देवचार तर लेकीनं पुढच्या वर्षीच्या सोंगासाठी आत्ताच राखून ठेवलाय. पण दिवाळीच्या दिवसांत असलं काही बोलायचं नाही, असा सासूबाईंचा दंडक. भाऊबीज झाली, तेव्हा गिऱ्ह्याची गोष्ट उद्या रात्री. आज घड्याळं एक तास मागे गेल्यामुळे अंधारही लवकर पडेल. शाळा आहे, साडेआठच्या आत आटपा, असं मी सांगून ठेवलंय. ‘‘तळ्याकाठची आसा,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘काठापर्यंत पोचाकच नव वाजतले.’’